कलकत्त्याचे फुटबॉल-संघ व नगरवासीयांची आत्मीयता

ज्या पृष्ठांवर ताम्रपट, सनदा, बखरी व पोथ्या यांचा विचार व्हावयाचा, त्या पृष्ठांवर पायानें खेळावयाच्या चेंडूचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आंठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. आयुष्याचा बहुतेक काळ शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें आमचेंही मत पुष्कळ वर्षें असेंच होतें कीं, खेळ हा मुलांच्या करमणुकीचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे. तें मत कसें बदललें, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. कारण प्रस्तुत लेखाचें प्रयोजन त्यांतच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नव्यन्यायाच्या पोथ्यांची यादी करण्याकरितां आम्ही कलकत्त्यास एका वृद्ध संग्राहकांच्या घरीं आठ दिवस राहिलों होतों. (या नगराचें सरकारी नांव इ. स. २००१ पासून कोलकाता असें झालें आहे. लेखांतील बहुतेक हकीकत त्यापूर्वींची असल्यानें आम्हीं जुनेंच नांव ठेविलें आहे.) यजमानांचे वडील इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर विक्रमपुराकडून निघून आलेले. घरांतील सर्व पोथ्या तांबड्या फडक्यांत बांधलेल्या होत्या. सहाव्या दिवशीं एक लहानसें बासन सोडलें, तों त्यांत पोथी नव्हती. वडिलांच्या नांवाचें, ईस्ट बंगाल क्लबाच्या सभासदत्वाचें एक जीर्ण पत्रक होतें. यास यादींत कितवा क्रमांक द्यावयाचा, असें आम्हीं थट्टेनें विचारलें. यजमान म्हणाले, “मास्टरमोशाय, त्याला क्रमांक नको. जमिनीचे सगळे कागद पलीकडे राहिले. आमच्या देशाचें नांव असलेला एवढाच कागद आमच्यापाशीं आहे.”

आम्ही हंसलों, बासन बाजूस ठेविलें व पुढची पोथी हातीं घेतली. त्या पत्रकावरील साल आम्हीं टिपलें नाहीं, मजकूर उतरून घेतला नाहीं. पुढें ते गृहस्थ निवर्तले. पोथ्या एका ग्रंथसंग्रहास दिल्या गेल्या व आज त्या सुरक्षित आहेत. तें पत्रक कोठें गेलें, हें त्यांच्या मुलांस सांगतां आलें नाहीं. संशोधक म्हणविणाऱ्या मनुष्याच्या हातून ही चूक झाली, ती अज्ञानामुळें. तें अज्ञान दूर करण्यासाठीं आम्हीं जें वाचलें व विचारिलें, त्याचा सारांश पुढें देत आहों.

१. मोहनबागान : नांव व स्थान

मोहनबागान हा क्लब दि. १५ ऑगस्ट १८८९ रोजीं उत्तर कलकत्त्यांत स्थापन झाला. कीर्ति मित्र यांच्या ‘मोहनबागान’ नांवाच्या बागवाड्यावरून त्यास हें नांव पडलें. भूपेंद्रनाथ बसु हे पहिले अध्यक्ष होत. हेच गृहस्थ पुढें इ. स. १९१४ मध्यें राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे आरंभापासूनच या क्लबाचा संबंध नगरांतील प्रतिष्ठित व राजकारणी मंडळींशीं होता.

महाराष्ट्रीय वाचकांस या भागाची एक जुनी ओळख आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या भयानें इ. स. १७४२ मध्यें कलकत्त्याच्या लोकांनीं नगराभोंवतीं एक खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तो पुरा झाला नाहीं. शतकाच्या अखेरीस बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यांत आला. मोहनबागानचें मूळ ठिकाण या रेषेपासून फार दूर नाहीं. ज्या नगरानें आपली सीमा आमच्या पूर्वजांच्या भीतीनें आंखली, त्याच नगरानें दीडशें वर्षांनंतर आपला अभिमान कशाभोंवतीं आंखला, हें पाहणें आम्हांस म्हणूनच परकें वाटत नाहीं.

२. इ. स. १९११ ची ढाल : प्रमाण व दंतकथा

दि. २९ जुलै १९११ (शके १८३३), शनिवार, या दिवशीं मोहनबागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाचा दोन गोल विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड, म्हणजे त्या काळची नामांकित ढाल, जिंकली. पहिला गोल पलटणीनें केला. नंतर शिवदास भादुरी यांनीं बरोबरी साधली व सामना संपावयाच्या सुमारास अभिलाष घोष यांनीं विजयाचा गोल केला. अकरा खेळाडूंपैकीं दहा अनवाणी होते. सुधीर चतर्जी हे एकटेच बूट घालून खेळले. ही ढाल कोणत्याही हिंदी संघानें त्यापूर्वीं जिंकली नव्हती. मैदानाजवळ जागा न मिळालेल्या हजारों लोकांस गोलांची वार्ता पतंग उडवून कळविण्यांत आली, असें सांगतात. इतकी हकीकत प्रमाणांस धरून आहे.

या हकीकतीवर लोकस्मृतीनें दोन थर चढविले आहेत. पहिला असा कीं, सामन्यानंतर एका वृद्ध ब्राह्मणानें फोर्ट विल्यम किल्ल्यावरील इंग्रजी निशाणाकडे बोट दाखवून एका खेळाडूस विचारिलें, “तें खालीं कधीं उतरणार?” तेव्हां उत्तर मिळालें कीं, मोहनबागान पुन्हा ढाल जिंकील तेव्हां. मोहनबागाननें ही ढाल दुसऱ्यांदा जिंकली ती इ. स. १९४७ मध्यें! आपणां पोथी चाळणाऱ्यांस अशा उत्तराची परीक्षा अवघड नाहीं. पुराणांत होऊन गेलेल्या राजवंशांचीं वर्णनें भविष्यकाळांत घातलेलीं असतात. भाकित तंतोतंत खरें ठरलें, कीं तें घटनेनंतर रचलें गेलें असें आपण समजतों. प्रश्न जुना असूं शकेल. उत्तर मात्र प्रक्षिप्त दिसतें. हा प्रश्न कोणीं कोणास विचारिला, याविषयींही पाठभेद आहेत.

दुसरा थर असा कीं, या पराभवानें खचून इंग्रजांनीं त्याच वर्षीं वंगभंग रद्द केला व राजधानी दिल्लीस हलविली. दोन्ही घोषणा दि. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारांत झाल्या, हें खरें. परंतु हा विचार हार्डिंगच्या सरकारांत त्या वर्षाच्या जून महिन्यांतच सुरू झाला होता, म्हणजे सामन्याच्या आधीं, व दि. २५ ऑगस्टचा प्रसिद्ध खलिता त्या विचाराचें फळ आहे. तेव्हां ढाल व राजधानी यांचा कार्यकारणसंबंध मुळींच टिकत नाहीं.

येथवर आमचें काम सोपें होतें. परंतु प्रक्षिप्त म्हणून श्लोक गाळला म्हणजे चिकित्सकाचें काम संपलें, असें होत नाहीं. तो श्लोक कोणीं, केव्हां व कोणत्या गरजेनें घातला, हें विचारावें लागतें. अनवाणी पायांनीं मिळविलेला विजय राज्य उलथण्याइतका मोठा आहे, असें एका नगरास वाटलें व तें वाटणें त्यानें शंभर वर्षें जपलें, ही गोष्ट स्वतःच ऐतिहासिक आहे. त्या अकरा जणांस आजही ‘अमर एकादश’ म्हणतात, व २९ जुलै हा दिवस ‘मोहनबागान-दिन’ म्हणून पाळतात. दंतकथा सामन्याविषयीं खोटी असेल. नगराविषयीं ती खरें बोलते.

३. ईस्ट बंगाल : गेलेल्या भूमीचें उरलेलें नांव

बंगाली समाजांत पश्चिम भागच्या मूळ रहिवाशांस ‘घोटी’ व पूर्वेकडून आलेल्यांस ‘बांगाल’ म्हणण्याची रीत आहे. पहिला शब्द लहान लोट्याचा वाचक असून आपल्या ‘घटी’शीं त्याचें नातें उघड आहे. दोन्ही शब्द मूळचे हिणविण्याचे. इ. स. १९२० च्या जुलैंत जोडाबागान क्लबानें मोहनबागानविरुद्धच्या सामन्यांतून पूर्वेकडील एका खेळाडूस वगळलें. त्याचा राग येऊन त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनीं राजीनामा दिला, आणि दि. १ ऑगस्ट १९२० रोजीं चौधुरी व त्यांचे स्नेही यांनीं ‘ईस्ट बंगाल’ हा स्वतंत्र क्लब काढला. दोन्ही क्लबांची लीगमधील पहिली गांठ दि. २८ मे १९२५ रोजीं पडली व तींत ईस्ट बंगालनें एक गोलानें जय मिळविला.

त्या वेळीं ‘ईस्ट बंगाल’ हें नांव केवळ प्रांताभिमानाचें होतें. त्यास दुसरा अर्थ आला तो फाळणीनंतर. लाखों कुटुंबें घरदार, शेतीवाडी व कागदपत्रें टाकून सीमेच्या या बाजूस आलीं. यादवपूर, विजयगड या बाजूस निर्वासितांच्या वसाहती उठल्या. मागें राहिलेल्या प्रांताचें ‘पूर्व बंगाल’ हें नांवही इ. स. १९५५ मध्यें जाऊन त्या जागीं ‘पूर्व पाकिस्तान’ आलें, व इ. स. १९७१ मध्यें बांगलादेश हें स्वतंत्र राष्ट्र झालें. सरकारी नकाशांवरून ज्या भूमीचें नांव पुसलें गेलें, तें एका फुटबॉल-क्लबाच्या फलकावर तेवढें शिल्लक राहिलें. आमच्या यजमानांच्या बोलण्याचा अर्थ येथें लागतो. निर्वासितास तो क्लब म्हणजे खेळाचें मंडळ नव्हतें. गेलेल्या गांवाची ती अखेरची सनद होती. ज्या नातवंडांनीं पद्मा नदी पाहिली नाहीं, त्यांस आपण कोठले, हें आजोबांच्या दप्तरावरून कळलें नाहीं. तांबड्या-पिवळ्या रंगावरून कळलें.

हाच प्रकार तिसऱ्या क्लबाचा. इ. स. १८९१ मध्यें स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबानें इ. स. १९३४ पासून १९३८ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें कलकत्ता लीग जिंकली. हिंदी संघांत लीग जिंकणारा तोच पहिला. त्या विजयांनीं नगरांतील व नगराबाहेरील मुसलमान समाजास जो आत्मविश्वास दिला, त्याचा उल्लेख केल्यावांचून त्या दशकाचा बंगालचा इतिहास पुरा होणार नाहीं.

४. ‘आपला’ कोण?

आतां एक शंका उत्पन्न होते. अभिमान जर जन्मभूमीचा, तर खेळाडूही त्याच भूमीचे असावयास हवेत. प्रत्यक्षांत तसें आढळत नाहीं. घोटींचा समजल्या जाणाऱ्या मोहनबागानच्या इ. स. १९११ च्या अकरा खेळाडूंपैकीं अनेकांचें मूळ पूर्व बंगालचें होतें. मोहनबागानचा अभेद्य रक्षक म्हणून ज्यांस ‘चीनची भिंत’ म्हणत, ते गोष्ठ पाल हे फरीदपूरकडचे. फुटबॉलच्या खेळाडूंत पद्मश्री ही पदवी प्रथम त्यांसच इ. स. १९६२ मध्यें मिळाली. उलट ईस्ट बंगालचे जे पांच आघाडीचे खेळाडू फाळणीनंतरच्या वर्षांत ‘पंच पांडव’ म्हणून पूजिले गेले, ते अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह व वेंकटेश हे पांचही दक्षिणेकडील! पुढें इराणचे मजीद बिश्कर ईस्ट बंगालचे, व ब्राझीलचे बारेतो मोहनबागानचे, तितकेच लाडके झाले.

यावरून असा निष्कर्ष निघतो कीं, येथें ‘आपला’ हा शब्द जन्मानें ठरत नाहीं, नांव धारण केल्यानें ठरतो. दत्तकविधानांत गोत्र बदललें कीं पुत्र त्या कुळाचा होतो. तशीच ही रीत आहे. क्लबाचें नांव हें गोत्र, व जो त्या रंगाचा अंगरखा घालील तो सगोत्र.

हें गोत्र स्वयंपाकघरापर्यंत पोंचलें आहे. ईस्ट बंगाल जिंकला कीं त्याच्या घरांत इलिश म्हणजे हिलसा मासा, मोहनबागान जिंकला कीं चिंगडी म्हणजे कोळंबी, ही चाल सर्वश्रुत आहे. आम्ही तेथें असतां एका रविवारीं संध्याकाळीं यजमानांकडे इलिश शिजला नाहीं व जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं. सामन्याचा निकाल आम्हांस विचारावा लागला नाहीं. सॉल्ट लेक येथील मैदानावर दि. १३ जुलै १९९७ रोजीं या दोन संघांचा फेडरेशन कपाचा सामना पाहण्यास सुमारें १ लाख ३१ हजार लोक जमले होते. अनेक जिल्ह्यांच्या गांवांची लोकसंख्या याहून कमी भरेल.

५. अभिमानाची दुसरी बाजू

या आत्मीयतेचें केवळ स्तोत्र गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. निर्वासितांस सीमेवरील कांटेरी तारेवरून दूषणें देणें, एकमेकांच्या कुळाचा उद्धार करणें, हेंही या अभिमानाचेंच अंग आहे. इ. स. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहनबागानचा पांच गोलांनीं पराभव झाला, तेव्हां एका तरुण समर्थकानें जीव दिला. दि. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्याच्या वेळीं दंगल होऊन चेंगराचेंगरींत १६ प्रेक्षक मृत्यु पावले. कलकत्त्यांत दरवर्षीं त्या दिवशीं रक्तदान करून त्यांचें स्मरण केलें जातें. नांवासाठीं जगणारे लोक नांवासाठीं मरतातही, हें इतिहासाच्या वाचकास नवीन नाहीं. परंतु येथें मेलेले लोक युद्धास गेले नव्हते, खेळ पाहावयास गेले होते, हें विसरतां कामा नये.

६. नांव विकतां येतें काय?

या आत्मीयतेची खरी कसोटी अलीकडे लागली. इ. स. २०२० मध्यें मोहनबागानचा फुटबॉल-विभाग व इ. स. २०१४ मध्यें स्थापन झालेला ए. टी. के. हा संघ यांचें एकीकरण झालें. नव्या संघांत ८० टक्के भाग भांडवलदारांचा होता. संघाचें नांव ‘ए. टी. के. मोहनबागान’ असें ठेवण्यांत आलें. हिरवा व किरमिजी हे जुने रंग कायम होते, मैदान तेंच होतें, पैसाही आला होता. फक्त जुन्या नांवापूर्वीं तीन अक्षरें बसलीं होतीं.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, तीन अक्षरांनीं काय बिघडतें? समर्थकांचें बिघडलें. तीं अक्षरें काढा, एवढी एकच मागणी घेऊन त्यांनीं मिरवणुका काढल्या, फलक लाविले, व कित्येकांनीं स्वतःच्या संघाच्या सामन्यास जाणें सोडलें. हा वाद जवळजवळ तीन वर्षें चालला. अखेर दि. १८ मार्च २०२३ रोजीं गोव्यांत मडगांवजवळ फातोर्डा येथें संघानें इंडियन सुपर लीगचें विजेतेपद मिळविलें, त्याच रात्रीं मालकांनीं तीं तीन अक्षरें काढण्याची घोषणा केली. व त्या वर्षाच्या जूनपासून संघ ‘मोहनबागान सुपर जायंट’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. ईस्ट बंगालच्या समर्थकांनींही इ. स. २०२१ मध्यें भांडवलदाराशीं व्हावयाच्या कराराच्या वादांत क्लबासमोर निदर्शनें केलीं व लाठ्या खाल्ल्या.

आपल्याकडील जुन्या कागदांत वतन व विकत घेतलेली जमीन यांत भेद केलेला असतो. वतनाचा उपभोग एकजण घेईल, परंतु त्याचा मान सर्व भाऊबंदांचा असतो. कलकत्त्याच्या लोकांनीं नेमका हाच भेद मांडला. संघाचा कारभार ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे असो. नांव हें पूर्वजांचें व नातवांचें आहे, तें खरेदीखतांत येत नाहीं.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इ. स. २०२४ च्या ऑगस्टांत कलकत्त्याच्या एका रुग्णालयांत एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला व सर्व नगर क्षुब्ध झालें. दि. १८ ऑगस्टचा मोहनबागान-ईस्ट बंगाल सामना बंदोबस्ताच्या कारणास्तव रद्द करण्यांत आला. तेव्हां दोन्ही क्लबांचे, व मोहमेडनचेही, समर्थक आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर एकत्र आले व त्यांनीं न्यायाची मागणी केली. पोलिसांच्या लाठ्या तिन्ही रंगांवर सारख्याच पडल्या. शंभर वर्षें एकमेकांचे वैरी म्हणविणारे लोक एकाच नगराचे निघाले.

७. उपसंहार

अशी आत्मीयता कलकत्त्यासच आहे असें नव्हे. आमच्या करवीर नगरींत पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम यांचे फुटबॉल-संघ आहेत. कुस्तीच्या आखाड्याचें नांव चेंडूच्या संघानें धारण करावें व सर्व पेठेनें शाहू स्टेडियमवर त्यामागें उभें राहावें, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. मुंबईच्या रोव्हर्स कपाचाही या इतिहासाशीं संबंध आहे, इ. स. १९२३ मध्यें मोहनबागान त्या सामन्यांस येऊन अंतिम फेरीपर्यंत गेला होता. त्या काळचीं प्रवेशपत्रें, सामन्यांचीं हस्तपत्रकें, क्लबांचे वार्षिक अहवाल, तालमींच्या जमाखर्चाच्या वह्या, खेळाडूंचीं पत्रें हीं सर्व साधनें आज जुन्या घरांच्या माळ्यांवर व रद्दीवाल्यांच्या दुकानांत आहेत. तीं पोथ्यांइतकीं जुनीं नाहींत, म्हणून आपण तीं उचलीत नाहीं. आणि आपण उचलीत नाहीं, म्हणूनच तीं जुनीं होईपर्यंत टिकणार नाहींत.

संग्राहक वाचकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, असा कागद हातीं आला तर त्यावरील साल, नांव व तो कोणाच्या घरीं मिळाला एवढें तरी टिपून ठेवावें. विक्रमपूरच्या त्या घराण्याची वंशावळ, तेथील गांवाचें नांव व कलकत्त्यास आल्याचें वर्ष हीं कदाचित् त्या एका पत्रकावरून लागलीं असतीं. तें आमच्या हातांत होतें, व आम्हीं तें क्रमांक न देतां परत बांधलें.